ताट संपवणाऱ्यांची भिंत

अंगणवाडीत मी पाऊल टाकलं तेव्हा वाढून झालं होतं. खिचडी गरम होती, ताटांतून वाफ निघत होती. पोरं ओळीनं मांडी घालून बसली होती आणि एकही पोर जेवत नव्हतं.

पोरं जेवत नाहीत यात नवीन काही नाही. पण न जेवणारं पोर काहीतरी करतं. रडतं, शेजारच्याच्या ताटात हात घालतं, खिचडीत पाणी ओततं, शी आली म्हणून सांगतं. ही पोरं काहीच करत नव्हती. हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. चहूकडे ज्वारीचं रान होतं आणि त्यातून वारा जात होता, त्याची सळसळ खोलीत ऐकू येत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शांत अंगणवाडी पाहिली नव्हती. पोरं झोपलेली असली तरी खोली शांत नसते.

"लई दिवस झालं मॅडम," सुनंदाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आधी दोघं-तिघं खात न्हवती. आता कुणीच खाईना. म्हणून फोन केला."

मी पोरांसमोर उकिडवी बसले. "काय रे, भूक नाही?"

माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे होती. मी वळून पाहिलं. तक्ते, कपाट, फोटो. प्रत्येक अंगणवाडीत असतं तेच.

मी मुख्यसेविका होते. हा सरकारी शब्द. सोप्या भाषेत, आसपासच्या गावांतल्या वीस-पंचवीस अंगणवाड्या माझ्याकडे होत्या. प्रत्येक ठिकाणी एक सेविका, म्हणजे पोरांना शिकवणारी ताई, आणि एक मदतनीस, म्हणजे स्वयंपाक करणारी मावशी. मी फिरून पोरांची वजनं, आहार, हजेरी बघायची. सोलापुरातून सकाळची एसटी धरायची, मंगळवेढ्याला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढं. हे गाव मंगळवेढ्याच्याही पुढं, काळ्या रानात. गावाचं नाव सांगत नाही. पोरं आता मोठी झाली असतील.

सुनंदाताई माझ्या चांगल्या सेविकांपैकी एक. गावातलीच सून, हौशी बाई. स्वतः कागद कापून पताका लावणार, गाणी रचणार. त्यांच्या अंगणवाडीत असं काही होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्या कामात बघायचा क्रम ठरलेला असतो. आधी ताट, मग पोट, मग घर.

ताट बघितलं. मी स्वतः खिचडी घेऊन जेवले. मीठ बरोबर, डाळ शिजलेली, तेलाला वास नाही. पाणी बघितलं, भांडी बघितली. सगळं ठीक.

पोट बघायला आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले. त्यांनी घसे बघितले, पोटं दाबली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. "कुणाला काही झालेलं नाही," ते जाताना म्हणाले. "जरा घाबरलेली वाटतात. मला बघून असतील."

मग मी घरं धरली. पहिल्या घरात आई म्हणाली, "घरी खातोय की. पर एक इचित्र हाय मॅडम. ताट पुसून खाईना झालाय. शेवटचा घास ठेवतोय. मारलं तरी ठेवतोय."

दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरातही शेवटचा घास. चौथ्या घरात मीच विचारलं, "पोरगी ताटात शेवटचा घास ठेवते का?"

त्या बाईनं माझ्याकडे वळून बघितलं. "तुमाला कसं म्हाईत?"

गावात बोलणं सुरू झालंच होतं. दुसऱ्या खेपेला गेले तर अंगणवाडीच्या चौकटीला लिंबू, मिरच्या आणि काळी बाहुली टांगलेली होती. आया दारातूनच पोरं आत सोडायच्या आणि पाठ फिरवून झपाझप निघून जायच्या. मदतनीस मावशी म्हणाली, पोरं जेवायला बसली की तिच्या अंगावर काटा येतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या खोलीत पोरांच्या आणि भिंतीच्या मध्ये बसायला मलाही नको वाटायला लागलं होतं, हे खरं.

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फोन ठेवायच्या आत हवं असायचं.

"मेनू बदला," ते म्हणाले. "गोड द्या. गोडाला कोण नाही म्हणतं?"

मावशीनं शिरा केला. तूप जरा सढळ हातानं घातलं. वासानं माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पोरांच्याही सुटलं. ती गिळताना दिसत होती. पुढच्या ओळीतल्या एका पोराचा हात हळूहळू ताटाकडे गेला. तेव्हा शेजारच्या मुलीनं त्याचं मनगट धरलं. ओढलं नाही, काही बोलली नाही. नुसतं धरून ठेवलं. त्यानं हात मागे घेतला.

मी ते बघितलं आणि मला कळलं, हा अन्नाचा प्रश्न नाही.

मनगट धरणारी मुलगी शिवन्या. वय चार. मोठ्या डोळ्यांची, अंगानं मुळातच किडकिडीत. तिचा बाप ट्रकवर असायचा, महिन्यातून दोनदा घरी. घरात ती आणि तिची आई कविता.

त्या आठवड्यात वजनं घ्यायची होती. वजन हे आमचं मुख्य काम. पोराला काट्यावर उभं करायचं, आकडा ॲपमध्ये भरायचा, वाढीची रेघ वर चाललीय की खाली ते बघायचं. आणखी एक पट्टी असते, ती दंडाभोवती गुंडाळायची. हिरवा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर सावध, लाल आला तर दवाखाना.

पोरांना वजन करायला आवडतं. काट्यावर उड्या मारतात. त्या दिवशी एकेक पोर आलं, उभं राहिलं, उतरलं. शिवन्या आली. आकडा मागच्या वेळेपेक्षा बराच खाली होता. मी तो ॲपमध्ये भरला. तिनं वर माझ्याकडे बघितलं.

"कमी झालं का?" तिनं विचारलं.

"थोडं झालं बाळा."

तिनं श्वास सोडला. मोठ्या माणसानं डॉक्टरकडून चांगला रिपोर्ट ऐकून सोडावा तसा. मग मागं वळून रांगेतल्या पोरांना म्हणाली, "कमी झालंय." आणि रांगेतली दोन-तीन पोरं हसली. मी तिथं गेल्यापासून ती पोरं पहिल्यांदा हसली होती.

मी तिच्या दंडाला पट्टी गुंडाळली. पिवळा. लालाच्या अगदी जवळ.

तशीच तिच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. आतून घुसमटल्यासारखा आवाज येत होता. मी दार ढकललं. कवितानं पोरीला दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं होतं. एका हातानं नाक दाबलं होतं, दुसऱ्या हातानं दूध-भाकरीचा काला तोंडात कोंबत होती. शिवन्या रडत नव्हती. डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून होती. नाक दाबल्यामुळं तोंड उघडलं की काला आत जायचा, आणि लगेच सगळा बाहेर यायचा.

"कविता, सोड तिला."

तिनं सोडलं. पोर कोपऱ्यात जाऊन बसली. कविता पदरानं हात पुसत राहिली.

"मग काय मरू देऊ का मॅडम?" ती म्हणाली. "तुमीच सांगा की. सासरा गेला दिवाळीच्या आधी. आता ही अशी. लोकं म्हणत्यात म्हाताऱ्याचा जीव हिच्यात आडकलाय."

"जबरदस्तीनं पोटात काही राहतंय का?"

"न्हाय."

"मग उगाच दोघींची मारामारी. नाक दाबून भरवलं की पोराला जेवणाचीच भीती बसते. आपण दोनच गोष्टी करायच्या. वेळेवर ताट ठेवायचं, आणि आपण शेजारी बसून आपलं जेवायचं. किती खायचं, खायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे. 'संपव' म्हणायचं नाही. 'शाबास' पण म्हणायचं नाही."

"शाबास पण न्हाय?"

"नाही. सध्या काहीच नको."

तिला ते पटलं नव्हतं. पण दमलेली होती, म्हणून हो म्हणाली.

मी साहेबांना सांगितलं की मी चार दिवस याच अंगणवाडीवर बसणार. ते म्हणाले, "बाकीच्यांचं काय?" मी म्हटलं, बाकीची पोरं जेवतायत.

लहान मुलाला 'का' असं विचारायचं नसतं, हे मी या नोकरीत शिकले. 'का' विचारलं की पोर आपल्याला हवं ते उत्तर शोधतं. त्यापेक्षा त्याच्याबरोबर खेळायचं. मी भातुकलीची टोपली काढली आणि सतरंजीच्या कडेला बसले. कुणाला बोलावलं नाही. खोटी चूल मांडली, खोटी भाकरी थापली. बऱ्याच वेळानं शिवन्या आली. तिनं टोपलीतली कापडी बाहुली उचलली, मांडीवर घेतली आणि वाटीतून भरवायला लागली.

"थोडंच खा," ती बाहुलीला म्हणाली. "पुरं करू नगं."

मी माझी भाकरी थापत राहिले. "पुरं केलं तर?"

शिवन्यानं वाटी खाली ठेवली. बाहुलीला उचलून भिंतीपाशी नेलं. तिला भिंतीला टेकवून सरळ बसवलं, पाय लांब केले. मग इकडेतिकडे बघितलं. सुनंदाताईंनी हळदी-कुंकवाचा गजरा काढून खिडकीत ठेवला होता, सुकलेला. तो तिनं आणला आणि बाहुलीच्या गळ्यात घातला. दोन पावलं मागं सरकली. हात जोडले.

"मग?" मी विचारलं.

"मग ती नसतीया," शिवन्या म्हणाली.

आजूबाजूची पोरं खेळायची थांबली होती. सगळी बाहुलीकडे बघत होती. एकालाही नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांना हे ठाऊक होतं.

मी उठले आणि पहिल्यांदा ती भिंत नीट बघितली.

वरच्या ओळीत थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या. सरकारी खोलीत असतात तशा, प्रत्येकाला प्लास्टिकच्या फुलांचा हार. त्याखाली सुनंदाताईंनी रंगीत कागदावर लिहिलं होतं, 'ताट संपवणारं बाळ'. त्याखाली तीन चौकटी. पहिलीत आराध्या. दुसरीत सार्थक. दोघांचे हसरे फोटो, काच लावलेले. दोघांना हार. तिसरी चौकट रिकामी होती. नुसती काच आणि पांढरा पुठ्ठा. तिला हार मात्र आधीच घालून ठेवला होता.

मी कितीदा या भिंतीसमोर बसले होते. वरच्या हारांत खालचे हार मिसळून गेले होते. फोटोला हार बघायची आपल्या डोळ्यांना सवय असते.

"ताई," मी सुनंदाताईंना बाहेर बोलावलं. "आराध्या कुठंय?"

"ऊस तोडायला गेलीत की तिच्या घरची. माळशिरसकडं. दिवाळी झाल्यावर गेली."

"फोटो लावल्यावर?"

त्या आठवायला लागल्या. "व्हय. दोन-चार दिवसांनीच."

"आणि सार्थक?"

"त्याच्या बापाला पुण्याकडं कंपनीत काम लागलं. तीबी सगळी गेली." त्यांचा चेहरा उतरायला लागला. "फोटो लावला त्याच आठवड्यात."

"तिसरी चौकट कुणाची?"

"शिवन्याची. फोटो काढलाय मोबाईलवर. तवा लई छान जेवायची मॅडम. मंगळवेढ्याहून प्रिंट आणायची राहिलीय."

त्यांनी हे हौसेनं केलं होतं. पोरांना जेवायला गोडी लागावी, म्हणून सत्कार. सत्कार म्हटलं की हार आलाच. फोटोला घातलेला हार म्हणजे काय, हे मोठ्यांनाही लगेच टोचलं नव्हतं. टोचलं होतं फक्त आराध्याच्या चुलतीला. ती तेव्हाच बोलली होती, असं सुनंदाताईंनी आता सांगितलं, पण हौसेपुढं तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

पोरांनी मात्र भिंत सरळ वाचली होती. वरची माणसं कोण? जयंतीला ताईंनीच सांगितलेलं, ही मोठी माणसं आता आपल्यात नाहीत. मग खालची कोण? जो ताट संपवतो त्याचा फोटो लागतो. फोटोला हार पडतो. आणि मग तो नसतो. दोनदा झालं, दोन्ही वेळा तसंच झालं. आराध्या, सार्थक कुठं गेले, ते पोरांना कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडं पोर गाव सोडून गेलं की हजेरीतून नाव निघतं, एवढंच. शेजारी बसणाऱ्या पोराला कुणी काही सांगत नाही.

शिवन्यानं तर हे घरीही बघितलं होतं. मी संध्याकाळी कविताला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. सासरे बरेच दिवस आजारी होते, जेवण तुटलेलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी उठून बसले आणि भाकरी, शेंगाची चटणी पोटभर खाल्ली. सगळ्यांना आनंद झाला. "आज आज्ज्यानं ताट पुरं केलं," असं कवितानंच पोरीला सांगितलं होतं. दिवस मावळायच्या आत ते गेले. तेराव्याला फोटो भिंतीवर लागला. हार घातला.

सुनंदाताई हार ओढून काढायला निघाल्या. मी थांबवलं. एका रात्रीत फोटोही नाहीसे झाले, तर पोरं काय समजतील कुणास ठाऊक. "आधी त्यांना सांगू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांना गोल करून बसवलं. सुनंदाताई म्हणाल्या, "बाळांनो, आराध्या दुसऱ्या गावाला गेलीय. लांबच्या गावाला. आईबापाबरोबर."

पोरांनी ऐकून घेतलं. शिवन्यानं मान हलवली, अगदी समजूतदारपणे. मला वाटलं, झालं काम. जेवायला वाढलं. कुणीही घास उचलला नाही.

नंतर कविताकडून उलगडा झाला. आजोबा कुठं गेले, असं शिवन्यानं विचारलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं होतं, आज्जा लांबच्या गावाला गेलाय. आम्ही सुनंदाताईंच्या तोंडून तेच शब्द वापरले होते. पोरांच्या भीतीवर आम्ही शिक्का मारला होता.

मी माळशिरस तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या मुख्यसेविकेला फोन केला. तिनं नातेपुत्याच्या बाजूला ऊसतोड्यांच्या कोप्या हुडकल्या. कोपी म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची झोपडी. आराध्या सापडली. चांगली होती, काळवंडली होती, खोकला होता. आम्ही व्हिडिओ कॉल ठरवला. मला वाटलं, पोरं तिला बघतील, ती बोलेल, संपलं.

मी मोबाईल पोरांसमोर धरला. पडद्यावर आराध्या आली. मागं पाचट, धूर. तिनं हात हलवला. "ओ ताई," ती म्हणाली. पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि नेटवर्क गेलं. चित्र तिथंच गोठलं. चौकटीत आराध्याचा चेहरा, उघडं तोंड, अर्धवट मिटलेले डोळे. हलेना. मी मोबाईल झटकत होते. मग पडदा काळा झाला.

मी वर बघितलं तर पोरं मागं सरकत सरकत दाराच्या भिंतीला जाऊन चिकटली होती.

"फोटोतनं बोलतीया," कुणीतरी हळूच म्हणालं.

त्या दिवशी पोरं पाणीसुद्धा प्यायली नाहीत. शिवन्याच्या दंडाला दोन दिवसांनी पट्टी लावली. लाल.

मी साहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे आता काय, ती मुलगी इकडं आणायची?"

"हो साहेब."

"हे कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही."

"मग मला सांगितलं नाहीत असं समजू," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्याकडून एवढी परवानगी पुष्कळ होती.

गावात राहिलेल्या आराध्याच्या चुलतीकडे चौकशी केली तर तिच्या मामाचं लग्न पुढच्या आठवड्यात गावातच होतं. बाप येणार नव्हता, आई येणार होती. पोरीला ठेवून येणार होती. मी आईला फोनवर विनवलं. ती म्हणाली, "थंडीत कशाला मॅडम, खोकतीया." मी म्हटलं, एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. ती बरं म्हणाली.

पण तो आठवडा काढायचा होता. शिवन्याला दवाखान्यात भरती करायची वेळ आली होती. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, अजून चालतीय, खेळतीय, पाणी पितीय. दोन दिवस बघू, उतरली तर घेऊन या. त्या संध्याकाळी मी कविताच्या चुलीपाशी बसले.

"तिला खरं सांग," मी म्हटलं.

"काय खरं?"

"आज्जा मेला म्हणून."

कविताचा हात भाकरीवर थांबला. "एवढ्या लेकराला मेलं म्हणून सांगू?"

"तू गावाला गेला म्हणून सांगितलंस. आता कुणी गावाला गेलं की तिला वाटतं मेलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. शिवन्या तिच्या पाठीला टेकून बसली होती. कविता चुलीकडं बघतच बोलली. "आज्जा गावाला न्हाय गेला. आज्जा मेला. त्याच्या छातीत रोग हुता. लई दिवसांपासनं हुता. औषधानं बरा झाला न्हाय."

कवितानं भाकरी उलटली, ती फुगली.

"त्यानं ताट पुरं केलं म्हणून न्हाय?" शिवन्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग कशाला खाल्लं?"

कविताच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पुसलं नाही. "भूक लागली हुती त्याला. शेंगाची चटणी आवडायची. आवडीनं खाल्लं."

शिवन्या विचार करत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. पण आईच्या ताटातला भाकरीचा एक पापुद्रा तिनं सोलून घेतला आणि हातात धरून झोपली. सकाळी तो हातात नव्हता. कवितानं अंथरूण झाडून बघितलं. कुठंच पडलेला नव्हता. तिनं लगेच मला फोन केला. पुढच्या दोन दिवसांत आणखी काही पापुद्रे गेले, थोडं ताक गेलं. दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

आराध्या आली ती ऐन जेवणाच्या वेळेला. आईनं तिला दारात सोडलं. ती आत आली, लग्नाचा चमकीचा फ्रॉक घालून, नाक ओढत.

एकाही पोरानं तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. सगळी पोरं तिच्या पायांकडं बघत होती. भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोराला माहीत असतं.

शिवन्या उठली. आराध्यापाशी गेली. "चप्पल काढ," म्हणाली.

"का?"

"काढ की."

आराध्यानं चप्पल काढली. शिवन्या खाली बसली. तिनं आराध्याची बोटं चाचपली, टाच चाचपली. मग दंडाला हात लावून चिमटा काढला. आराध्या ओरडली, "ए, दुखतंय." आणि शिवन्याला एक रट्टा दिला.

शिवन्यानं रट्टा खाल्ला आणि काहीच केलं नाही. मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं.

"मला वाढा," आराध्या म्हणाली. ती सगळ्यांच्या मधे बसली आणि जेवली. उसाच्या फडात वाढलेली भूक होती ती. खिचडी संपवली, परत मागितली, परत संपवली. ताट चाटलं. पोरं श्वास रोखून बघत होती. मी सुनंदाताईंकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. शाबास म्हणू नका, अशी मी हातानं खूण केली.

आराध्या उठली, फ्रॉकला हात पुसले आणि बाहेर गेली. सगळी पोरं उठून दारात गोळा झाली. ती अंगणात होती. मग कट्ट्यावर चढली. मग कट्ट्यावरून उडी मारली. दर वेळी पोरं पुढं होऊन बघायची, अजून आहे का. ती होती.

मग एक पोरगं परत येऊन आपल्या जागेवर बसलं आणि गार खिचडी खायला लागलं. मग दुसरं. कुणी कुणाचं मनगट धरलं नाही. शिवन्या सगळ्यांत शेवटी आली. तिनं अर्धं ताट खाल्लं. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी वजनकाटा पुसत बसले.

हार आम्ही त्याच दिवशी, पोरांच्या समोर काढले. आराध्यानं स्वतःचा फोटो भिंतीवरून उतरवून घरी नेला. सार्थकच्या आईनं पुण्याहून त्याचा सायकलवरचा व्हिडिओ पाठवला. पोरांनी तो दुरून बघितला, पण बघितला. रिकाम्या चौकटीचं सुनंदाताईंनी काय केलं ते मी विचारलं नाही.

शिवन्याची पट्टी उन्हाळ्यापर्यंत हिरवी झाली. शेवटचा घास ती कितीतरी महिने ठेवत होती. कवितानं तो ठेवू दिला. बाकीच्या पोरांचं ते आपोआप सुटलं. एक गोष्ट मला शेवटपर्यंत कळली नाही. शिवन्यानं हे सगळ्यांना सांगितलं कधी? सुनंदाताईंनी कधी ऐकलं नाही, मावशीनं ऐकलं नाही. आणि ज्याला अजून धड बोलताही येत नव्हतं असं एक पोर त्यात होतं, तेही शेवटचा घास ठेवायचं.

माझ्या सगळ्या अंगणवाड्यांत मी दोन बदल केले. जेवणावर बक्षीस नाही, फोटो नाही, टाळ्या नाहीत. आणि पोर गाव सोडून जाणार असेल, तर शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, कुठं चाललंय, कशानं चाललंय, कुणाबरोबर. काही सेविका म्हणाल्या, एवढ्याशा पोरांना काय कळतं मॅडम. मी वाद घातला नाही. सांगा म्हटलं.

दोन वर्षांनी शिवन्या पहिलीत गेली. अंगणवाडीतला तिचा शेवटचा दिवस होता. मी मुद्दाम गेले होते. सुनंदाताई तिच्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या, तर शिवन्याच पुढं झाली. लहान पोरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी मरत न्हाय. मी शाळेत चाललीया. ती बघा, पलीकडं पिवळी भिंत दिसती, तितं. दुपारच्या सुट्टीत आवाज दिला तर मी ओ दीन."

लहान पोरांनी खिडकीतून पिवळी भिंत बघून घेतली आणि परत ताटाकडं वळली. आम्हाला दोन महिने लागले ते काम तिनं चार वाक्यांत केलं होतं. तेव्हापासून नव्या सेविकांच्या ट्रेनिंगला मी आहाराच्या तक्त्याआधी हेच सांगायची. पोराला नीट सांगायला काही लागत नाही. न सांगितलं, तर ते आपलं आपण काहीतरी ठरवतं, आणि त्याचं ठरवलेलं खोडायला फार कष्ट पडतात.